‘जो’चा मान आणि ‘तो’चे काम : इंग्रजी व मराठी संबंधी वाक्यांविषयी

इंग्रजी व्याकरण मराठी माध्यमातून शिकविताना ‘हू’, ‘व्हिच’ आणि ‘दॅट’ या तीन शब्दांपुढे ‘जो, जी, जे’ असे समीकरण मांडण्याचा प्रघात आपल्याकडे इतका जुना आहे की, त्याची कधी परीक्षा व्हावयास हवी असे कोणास सहसा वाटत नाही. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील महाविद्यालयांतील पदवी परीक्षेच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या असतील त्यांना या समीकरणाचे फळ मात्र चांगलेच परिचयाचे आहे. ‘द मॅन हू केम येस्टरडे, ही इज माय ब्रदर’ या घाटाचे वाक्य दर पाचपंचवीस पानांमागे कोठे ना कोठे भेटतेच. परीक्षक ‘ही’ या शब्दावर तांबडी रेघ ओढतो, गुण कमी करतो आणि पुढे जातो. विद्यार्थ्यास आपले काय चुकले हे कळत नाही, कारण ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

ही चूक अनवधानाची नव्हे. ती अत्यंत नियमबद्ध आहे. विद्यार्थ्याच्या मनात ‘जो माणूस काल आला तो माझा भाऊ आहे’ हे वाक्य आहे. ‘जो’ म्हणजे ‘हू’ असे त्याला शिकविले गेले, आणि त्याने ते पाळले. ‘तो’चे काय करावयाचे हे मात्र कोणत्याच पाठात आले नाही. तेव्हा त्याने ‘तो’ प्रामाणिकपणे जपला आणि ‘ही’ या रूपाने इंग्रजीत उतरविला. येथे चूक विद्यार्थ्याची की समीकरणाची, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हे समीकरण दोन्ही टोकांना सदोष आहे. नित्याच्या इंग्रजीत संबंधी वाक्याची सुरुवात करून देण्याचे काम ‘हू’ आणि ‘व्हिच’ फार थोड्या ठिकाणी करतात. आणि मराठीत संबंधी रचनेचा भार ज्या सर्वनामावर आहे ते ‘जो’ नसून ‘तो’ आहे. आपल्या व्याकरणकारांनी मान ‘जो’ला दिला, काम मात्र ‘तो’ करीत आला.

प्रथम इंग्रजीकडे पाहू. नेसफील्ड आणि त्यामागून रेन व मार्टिन यांच्या व्याकरणांवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांची समजूत अशी की, नामाला जोडून येणारे वाक्य म्हटले म्हणजे त्याच्या तोंडाशी ‘हू’, ‘हूम’, ‘हूज’ किंवा ‘व्हिच’ असावयाचेच. नसल्यास ते ‘अध्याहृत’ समजावयाचे. घरात, बाजारात, रेल्वेच्या डब्यात इंग्रज माणूस बोलतो ते मात्र निराळेच असते. ‘द मॅन आय सॉ’, ‘द बुक यू गेव्ह मी’, ‘द हाउस दे लिव्ह इन’ ही त्याची स्वाभाविक वाक्ये. नाम आणि त्याला जोडलेले वाक्य यांच्यामध्ये काहीच नाही; दोन्ही अंगास अंग लावून उभी आहेत. येस्पर्सन या डॅनिश पंडिताने आपल्या बृहद् इंग्रजी व्याकरणाच्या १९२७ साली निघालेल्या भागात अशा वाक्यांना ‘स्पर्शवाक्ये’ या अर्थाचे नाव दिले, आणि येथे काही गाळले गेले आहे ही कल्पनाच निराधार असल्याचे प्रतिपादिले. त्याचे हे म्हणणे आजही विचारार्ह आहे. गाळलेलेच असेल तर ते वाटेल तेथे गाळता आले पाहिजे. परंतु ‘द मॅन आय सॉ’ चालते, आणि ‘द मॅन केम येस्टरडे इज माय ब्रदर’ हे प्रमाण इंग्रजीत चालत नाही. संबंधी वाक्याचा कर्ताच जेव्हा ते नाम असतो तेव्हा मध्ये काही तरी ठेवावेच लागते. कर्म असेल तर लागत नाही. अध्याहाराची उपपत्ती या भेदाचे कारण सांगू शकत नाही.

बायबर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या लाँगमन व्याकरणात बोलीव लिखित इंग्रजीच्या मोठ्या संग्रहावरून हेच दाखविले आहे. संभाषणात लोकांची पसंती ‘दॅट’ला किंवा रिक्त जागेला असते, ‘व्हिच’ची वस्ती विद्वत्तापूर्ण गद्यात दाट आहे. ज्या शब्दाला शाळेत पहिला क्रमांक मिळतो तो बोलण्यात मागील बाकावर बसतो, असा हा प्रकार आहे.

‘दॅट’विषयी दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे. १७११ साली ‘स्पेक्टेटर’ पत्राच्या ७८व्या अंकात स्टील याने ‘हू’ आणि ‘व्हिच’ यांच्या नावाने एक विनोदी अर्ज छापला. ‘दॅट’ नावाच्या उपऱ्याने आमची वडिलोपार्जित जागा बळकावली, अशी त्यात त्यांची तक्रार आहे. विनोद मोठा सुरेख आहे, पण इतिहास नेमका उलटा आहे. संबंधी वाक्याच्या आरंभी ‘दॅट’ जुना. ‘हू’ आणि ‘व्हिच’ हे मध्ययुगीन इंग्रजीत लॅटिन व फ्रेंच यांच्या वजनाने त्या जागी आलेले, तत्पूर्वी केवळ प्रश्नार्थक असलेले शब्द. अर्जदारच उपरे होते. शिवाय ‘दॅट’ला विभक्ती नाही, त्याच्या आधी ‘इन’, ‘टू’ अशी शब्दयोगी येऊ शकत नाहीत. म्हणून तो सर्वनाम नसून जोडणारा अव्ययवत् शब्द आहे, असे येस्पर्सनसह अनेकांचे मत आहे. ते मान्य केले तर नित्याच्या इंग्रजीतील बहुतांश संबंधी वाक्यांत संबंधी सर्वनाम नावाची वस्तूच उरत नाही! मग ‘रिलेटिव्ह प्रोनाउन’ हा पाठ आपण नेमका कशाचा देतो?

व्युत्पत्तीचा पुरावाही येथे उद्बोधक आहे. मराठी ‘जो’ हा प्राकृत ‘जो’, संस्कृत ‘यः’ या वाटेने आला. या ‘य’काराचा सजातीय शब्द ग्रीक भाषेत संबंधी सर्वनाम म्हणून नांदला, इंग्रजीत त्या पदावर त्याचा वंशज नाही. ‘हू’चा खरा आप्त संस्कृत ‘कः’, म्हणजे आपला ‘कोण’. आणि ‘दॅट’चा सख्खा आप्त संस्कृत ‘तद्’, म्हणजे आपला ‘तो, ती, ते’. नात्यावरून अर्थ ठरत नाही हे खरे. तथापि ज्यांना ‘हू’समोर ‘जो’ लिहिण्याची घाई असते त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, बोलक्या इंग्रजीने संबंधाच्या कामी जो शब्द प्रिय मानला तो ‘तो’च्या घराण्यातला आहे.

आता मराठी. दादोबा पांडुरंगांच्या १८३६च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि तेथून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत ‘जो, जी, जे’ यांना ‘संबंधी सर्वनाम’ हे स्वतंत्र पद मिळालेले आहे. ‘तो’ दर्शक सर्वनामांत राहिला. संबंधी रचनेत त्याचा उल्लेख होतो तो ‘जो’चा जोडीदार म्हणून. पुढे वाक्यपृथक्करणाचा पाठ इंग्रजी शाळांतून आला, आणि ‘जो’ने सुरू होणारे ते गौण विशेषणवाक्य, ‘तो’ने सुरू होणारे ते प्रधान वाक्य, अशी वाटणी रूढ झाली. दामल्यांच्या ग्रंथाविषयी प्रस्तुत लेखकास नितांत आदर आहे. उदाहरणांच्या विपुलतेत त्यास अद्याप तोड नाही. परंतु वर्गीकरणाची चौकट उदाहरणांच्या आधी ठरून गेली होती, असे हा भाग वाचताना वाटत राहते. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ साली ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला, तरीही विद्यालयांतील पाठात या विषयापुरता फरक पडलेला दिसत नाही.

संस्कृत वैयाकरण ‘यद्’ आणि ‘तद्’ यांचा संबंध नित्य मानतात. मराठीत तो तसा राहिला आहे काय, हे बोलण्यावरून पाहावे. ‘काल आला तो माणूस’, ‘मी राहतो ते घर’, ‘तू बसलास ती खुर्ची’, ‘आपण भेटलो तो दिवस’, ‘आई म्हणते ते खरे’. या वाक्यांत ‘जो’ कोठेच नाही, आणि त्याची उणीवही कोणास भासत नाही. ‘पडेल ते काम’, ‘मिळेल ते खाणे’, ‘येईल त्याला वाढणे’, ‘वाटेल ते बोलणे’ हे तर आपले ठेवणीतले वाक्प्रचार आहेत. त्यांत ‘जे’ घालून पाहिले तर वाक्य चुकणार नाही, पण ते बोलण्यातले राहणार नाही, प्रवचनातले होईल. उलट ‘तो’ गाळून पाहावा. ‘जो मुलगा काल आला, माझा भाऊ आहे’ हे वाक्य मराठी कानाला हिंदीच्या भाषांतरासारखे लागते. पद्यात व म्हणींत ‘तो’ गाळल्याची उदाहरणे शोधली तर सापडतील. नित्याच्या गद्यात ती विरळा. जो घटक काढता येतो तो गौण व जो काढता येत नाही तो मुख्य, हा साधा न्याय लावला तरी निकाल स्पष्ट आहे.

इतकेच नव्हे, तर ‘जो’वाचून चालविण्यात मराठी इंग्रजीच्या पुढे गेली आहे. कीनन आणि कॉमरी यांनी १९७७ साली जगातील अनेक भाषा ताडून अशी एक उतरंड मांडली की, संबंधी वाक्य करण्यास कर्ता सर्वांत सुलभ, मग मुख्य कर्म, मग गौण कर्म, मग इतर कारके, मग षष्ठीचा स्वामी, आणि शेवटी तुलनेचे पद. इंग्रजीची रिक्त जागा या उतरंडीत कर्त्यापाशी अडते, कर्मापाशी चालते, पुढे चालते तेव्हा शब्दयोगी वाक्याच्या शेपटाला लोंबकळत ठेवावी लागते, आणि षष्ठीपाशी पुन्हा अडते. तेथे ‘हूज’वाचून गत्यंतर नाही. मराठी बोलणाऱ्यास ‘गाय मेली तो माणूस’ म्हणण्यात काही अडचण नाही. ‘ज्याची’ म्हटले नाही तरी गाय कोणाची हे ऐकणाऱ्यास कळते.

मग ‘जो’ निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. ‘पैसे दिले तो माणूस’ यात देणारा की घेणारा हे समजत नाही. ‘ज्याने’ किंवा ‘ज्याला’ म्हटले की संशय फिटतो. ‘जो जो येईल त्याला त्याला’ अशी वीप्सा ‘जो’वाचून साधत नाही. आणि ‘ज्याने ज्याचे घेतले त्याने त्याचे द्यावे’ हे वाक्य तर इंग्रजीच्या आवाक्याबाहेरचे आहे. एकाच वाक्यात दोन संबंधी सर्वनामे, त्यांना दोन ‘तो’ची उत्तरे, असा जोडगाठीचा विणकाम इंग्रजी ‘हू’ला जमत नाही. वेनीता दयाल यांनी हिंदीच्या आधारे ‘जो–तो’ रचना इंग्रजी संबंधी वाक्याहून जातीनेच निराळी असल्याचे १९९१ साली दाखविले, त्यात या दुहेरी वाक्यांचा पुरावा मोलाचा ठरला. ‘जो’चे वाक्य हे नामाला डकवलेले विशेषण नव्हे, ते वाक्याच्या डाव्या अंगास आधी मांडलेली अट आहे, आणि ‘तो’ ती अट उचलून घेतो. म्हणूनच ‘गौण विशेषणवाक्य’ ही संज्ञा मला येथे अपुरी वाटते.

भंडारा जिल्ह्यात बसून हा विचार करण्यास एक विशेष लाभ आहे. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला तरी वैनगंगेच्या या खोऱ्यात झाडीबोली, पोवारी, हलबी, गोंडी आणि पलीकडे छत्तीसगढी अशी भाषांची वीण आजही दाट आहे. झाडीबोलीच्या अभ्यासाचा पाया साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी घातला. तथापि बोलींच्या अभ्यासात शब्द आणि उच्चार यांकडे जेवढे लक्ष जाते तेवढे वाक्यरचनेकडे जात नाही. ‘काल रोवली ते बांधी पान्याखाली गेली’, ‘मले पैसे देल्ले तो मानूस’, ‘शारंत जाते तो पोरगा’ ही येथील रोजची वाक्ये घ्या. या भागात ‘तो जाते’ आणि ‘ते जाते’ असे म्हणतात. वर्तमानकाळात क्रियापदावरून पुरुष-स्त्री भेद कळत नाही. अर्थात ‘शारंत जाते’ एवढे ऐकून लिंग ठरत नाही, ते ‘तो’ने ठरते. उलट स्त्रीलिंगी ‘ती’ ऐवजी ‘ते’ येते, तेव्हा ‘ते बांधी’मधील ‘ते’ एकटे पुरे पडत नाही. तेथे ‘रोवली’ हे क्रियापद साहाय्यास धावते. प्रमाण भाषेत क्रियापद आणि ‘तो’ दोघेही एकच माहिती दोनदा सांगतात. येथे त्यांनी ती आपसांत वाटून घेतली आहे. या सगळ्या व्यवहारात ‘जो’चे नाव नाही. म्हणींत, उपदेशाच्या बोलण्यात ‘जो’ ऐकू येतो. बांधीवर, बोडीवर, रोवण्याच्या ओळीत तो क्वचितच येतो.

कृदंतांची रचनाही आहेच : ‘मी पैसे दिलेला माणूस’, ‘मला पैसे देणारा माणूस’. द्राविड भाषांचा मूळ प्रघात कृदंतांनी नामाला विशेषण जोडण्याचा आहे, आणि मराठीतील कृदंतांच्या वैपुल्याशी त्याचा संबंध जोडला जातो. हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच पुरे की, याही रचनेत ‘जो’ नाही.

द्राविड संसर्गाचा याहून बोलका दाखला कोंकणीने दिला आहे. मंगेश नाडकर्णी यांनी १९७५ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात कर्नाटकातील सारस्वतांच्या कोंकणीविषयी जो निबंध लिहिला तो प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. पिढ्यान्‌पिढ्या कन्नड बोलत आलेल्या या समाजाच्या कोंकणीत ‘जो’ची आर्य रचना मागे पडून तिच्या जागी कन्नड घाटाची रचना आली : आरंभी प्रश्नार्थक सर्वनाम, वाक्याच्या अंती ‘की’, आणि नंतर मुख्य वाक्य. ‘जो’ गेला, त्याच्या जागी ‘कोणता’ या अर्थाचा शब्द आला. मुख्य वाक्यातील ‘तो’ मात्र जागचा हलला नाही. इंग्रजीने लॅटिन व फ्रेंच यांच्या वजनाने प्रश्नार्थक ‘हू’ला जे काम दिले तेच कोंकणीने कन्नडच्या वजनाने आपल्या प्रश्नार्थकाला दिले. संसर्गात आधी कोणती तुळई सरकते आणि कोणता खांब उभा राहतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या शेजारी असताना आपण परदेशी पुस्तकांतील दाखले वर्गात देतो, याचे आश्चर्य वाटते.

मराठीवर मात्र आज निराळे वजन पडते आहे. वर्तमानपत्रांत, शासकीय पत्रकांत आणि, खेदाने म्हणावे लागते, आमच्याच विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ‘त्यांनी एक समिती नेमली, जी तीन महिन्यांत अहवाल देईल’ या घाटाची वाक्ये सर्रास येऊ लागली आहेत. ‘समिती नेमली, ती तीन महिन्यांत अहवाल देईल’ हे मराठी. ही ‘जी’ कोठून आली? ‘व्हिच’ म्हणजे ‘जी’ या समीकरणातून. हिंदी वृत्तलेखनाचाही तिला हातभार आहे. इंग्रजीत संबंधी वाक्ये दोन जातींची असतात. एका जातीत ती नामाची निवड करतात : कोणता माणूस, तर काल आला तो. दुसऱ्या जातीत नाम आधीच ठरलेले असते, आणि वाक्य केवळ अधिक माहिती पुरविते. लिहिताना त्यापूर्वी स्वल्पविराम येतो. या दुसऱ्या जातीत इंग्रजीला ‘हू’ किंवा ‘व्हिच’ अटळ आहे, आणि नेमक्या त्याच जागी मराठीला ‘तो, ती, ते’ हवा असतो. म्हणजे ज्या एका ठिकाणी ‘व्हिच’ निर्विवादपणे लागतो त्या ठिकाणीही त्याचे मराठी ‘जी’ नव्हे, ‘ती’ आहे. ‘असा प्रश्न की ज्याचे उत्तर’ या ‘की जो’च्या रचनेवर जुन्या शैलीकारांचा रोष असे; मला ती तितकी परकी वाटत नाही, कारण तेथे ‘असा’ हा शब्द निवडीचे सूत्र धरून असतो. स्वल्पविरामानंतरची उघडीवाघडी ‘जी’ मात्र खरोखर उसनवारीची आहे.

अध्यापनात बदल करावयाचा तर कोठून, असे कोणी विचारील. ‘काल आला तो माणूस’ आणि ‘द मॅन आय सॉ’ येथून करावा. विद्यार्थ्याच्या तोंडी जी रचना आधीच आहे ती फळ्यावर लिहावी. तिच्यात नाम शेवटी येते, इंग्रजीत ते आरंभी येते, एवढा क्रमाचा पालट दाखवावा. मग ‘तो’ हा इंग्रजीत ‘द’ होऊन नामाला चिकटतो, पुन्हा ‘ही’ म्हणून येत नाही, हे सांगावे. त्यानंतर कर्त्याच्या ठिकाणी इंग्रजी रिक्त जागा का सोशीत नाही हे समजावून ‘दॅट’ आणि ‘हू’ आणावेत. ‘हूम’ आणि ‘इन व्हिच’ शेवटी, लेखनाच्या पाठात. ‘जो माणूस काल आला तो’ ही रचना शिकवूच नये असे नव्हे, पण तिचे इंग्रजी करावयास सांगणे म्हणजे विद्यार्थ्यास मुद्दाम अवघड दाराने आत नेणे आहे. प्रश्नपत्रिकांत ‘संबंधी सर्वनाम वापरून दोन वाक्ये जोडा’ हा प्रश्न जोवर ठरलेला आहे तोवर शिक्षकाचे हात बांधलेले राहतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक विषय सुचवितो. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या ७व्या खंडात मराठीच्या बोलींचे नमुने आहेत, आणि त्यांत उधळ्या पुत्राची एकच कथा पुन:पुन्हा उतरवून घेतलेली आहे. इंग्रजी कथेत धाकट्याच्या वाट्यास येणारी मालमत्ता, डुकरे खात असलेल्या शेंगा, आणि बापाचे धन उडविणारा मुलगा, अशा तीन ठिकाणी संबंधी वाक्ये आहेत. प्रत्येक नमुन्यात या तीन जागी ‘जो–तो’ आला, एकटा ‘तो’ आला, की कृदंत आले, याचे कोष्टक करावे. नंतर तीच कथा लाखांदूर, मोहाडी आणि पवनी तालुक्यांतील आजच्या बोलणाऱ्यांकडून, मूळ पाठ पुढे न ठेवता, केवळ ऐकून सांगावयास लावावी. भाषांतरकाराने लिहिलेले आणि सांगणाऱ्याने सांगितलेले यांतील अंतर त्या तीन जागी मोजता येईल.